रानात तूर आहे, पण सातबाऱ्यावर आहे का?



पूर्वी एकेका तलाठ्याकडे चार-पाच गावं. प्रत्येक बांधावर जाणं व्हायचं नाही, मग सोयाबीनच्या रानाला कधी कापूस लागायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि ही नोंद आपल्याच हातात आली.

हमीभावाने खरेदी असो की नुकसानभरपाई, आधी सातबाऱ्यावरचं पीक बघतात. रानात तूर उभी आणि नोंद कोरी, तर खरेदी केंद्रावर अडचण ठरलेलीच.

एवढं करा:
✅ स्वतः रानात उभं राहूनच फोटो काढा. फोटोसोबत जागाही नोंदली जाते, घरी बसून जमणार नाही.
✅ सोयाबीनमध्ये तूर असेल तर ‘मिश्र पीक’ निवडा, दोन्हींचं क्षेत्र भरा.
✅ पडीक रान, बांधावरची झाडंही टाका.
✅ काही चुकलं तर ४८ तासांच्या आत दुरुस्त करा.
✅ शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका. गर्दीत ॲप अडकतं.

एका मोबाईलवरून दुसऱ्यांचीही नोंद होते. शेजारच्या आजींकडे साधा फोन असेल, तर त्यांचंही रान तेवढं नोंदवून द्या.