जुना प्रोसेसर आणि वैशाखाचें ऊन



यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर हा तालुका कापसाचा. पांढरकवडा हें त्याचें मुख्य ठिकाण. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राजमार्ग तेथूनच जातो. वैशाखांत या भागांतील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि दुपारीं घराच्या भिंतीही हाताला चटका देतात. आजच्या विषयाशीं या उन्हाचा काय संबंध, असें आपणांस वाटेल. परंतु तो संबंध फार निकटचा आहे.

घरांतील जुन्या संगणकांत वरच्या प्रतीचा, पण दुसऱ्यानें वापरलेला प्रोसेसर आणून बसवावा, आणि मग कारखान्यानें ठरवून दिलेल्या वेगाहून त्याला अधिक वेगानें पळवावें, ही युक्ति आज पुष्कळ तरुणांच्या तोंडीं आहे. वेग वाढविण्याच्या या क्रियेला ते ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मुलगा त्यासाठीं कांहीं हजार रुपये मागतो, आणि वडिलांना प्रश्न पडतो कीं, ही काटकसर आहे कीं पैशाची धूळधाण? या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं त्यांतील शास्त्र थोडें समजून घेतलें पाहिजे.

प्रोसेसराचें सारें काम ठोक्यांवर चालतें. मोटेवरचा बैल जसा धावेवर पावलामागून पाऊल टाकतो, तसा प्रोसेसर एकेका ठोक्याला आपल्या कामाची एकेक पायरी उरकतो. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें काढलेला ४००४ हा प्रोसेसर एका सेकंदांत सुमारें साडेसात लाख ठोके घेत असे. आज तीन-चार अब्ज ठोके ही सामान्य गोष्ट झाली आहे. हा आंकडा दोन संख्यांच्या गुणाकारानें बनतो. उदाहरणार्थ, २०११ सालचा कोअर आय-५ २५००-के हा प्रोसेसर घ्या. मदरबोर्डाकडून त्याला सेकंदास १० कोटी मूळ ठोके मिळतात. त्यांस तो ३३ नें गुणतो, आणि ३३० कोटी ठोके होतात. बाजारांत यालाच ३.३ गिगाहर्ट्झ म्हणतात. नांवामागील ‘के’ या अक्षराचा अर्थ असा कीं, हा गुणक वापरणाऱ्यास बदलतां येतो. ३३ च्या जागीं ४३ लिहिले कीं, वेग ४.३ गिगाहर्ट्झ झाला. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात तें हेंच.

मग कारखानदारानेंच तो वेग कां दिला नाहीं? एकाच चकतींतून शेंकडों प्रोसेसर कापले जातात, पण ते सारखे उतरत नाहींत. कारखाना त्यांची परीक्षा घेतो आणि प्रत्येकाच्या अंगावर असा वेग लिहितो कीं, पंखा सामान्य असला, पेटींत धूळ सांचली, खोली तापली, तरी त्यानें दगा देऊं नये. म्हणजे वेगांत कांहीं शिल्लक मुद्दाम राखलेली असते. १९९८ सालीं निघालेल्या सेलेरॉन ३००-ए या स्वस्त प्रोसेसराची कथा याच शिल्लकीमुळें प्रसिद्ध झाली. मूळ ठोके ६६ चे १०० मेगाहर्ट्झ केले कीं, ३०० चा तो प्रोसेसर ४५० वर धावूं लागे, आणि त्यांतील बरेचसे तो वेग खरोखरच पेलीत. दीडपट वेग फुकट मिळाल्याच्या त्या आनंदांतूनच ही हौस जगभर पसरली.

परंतु निसर्गाच्या दुकानांत फुकट कांहीं मिळत नाहीं. वेग वाढविला कीं, प्रोसेसर अडखळूं लागतो. तो सांवरण्यासाठीं विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा वाढवावा लागतो. प्रोसेसराची उष्णता ठोक्यांच्या प्रमाणांत तर वाढतेच, शिवाय ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग ३.३ वरून ४.३ केला, म्हणजे १.३ पट झाला. दाब शेंकडा १० वाढविला, तर त्याचा वर्ग १.२१. यांचा गुणाकार जवळजवळ १.५७. म्हणजे वेगाची वाढ शेंकडा ३०, आणि उष्णतेची वाढ शेंकडा ५७! ही शेंकडा ३० ची वाढही पुरती पदरांत पडत नाहीं. कारण काम हलकें असतां हा प्रोसेसर टर्बो या सोयीमुळें आपण होऊनच ३.७ पर्यंत जात असतो.

आतां केळापूरच्या उन्हाकडे वळूं. समजा, पूर्ण काम करतांना आपला प्रोसेसर ९५ वॅट उष्णता देतो, आणि त्यावरील पंखा असा आहे कीं, पेटींतील हवेपेक्षां प्रोसेसर ३५ अंश अधिक तापतो. ओव्हरक्लॉकिंग केल्यावर उष्णता १५० वॅटांच्या घरांत जाईल, आणि ३५ अंशांचे ५५ अंश होतील. पौषांत खोलींत २० अंश आणि पेटींत २५ अंश हवा आहे, असें धरा. साधा प्रोसेसर ६० अंशांवर राहील, आणि पळविलेला ८० अंशांवर. दोन्ही सुरक्षित. मुलगा टाळी वाजवितो, आणि तें योग्यच आहे.

पण वैशाखांतील दुपारीं खोलींत ४० अंश आणि पेटींत ४५ अंश होतात. तेव्हां साधा प्रोसेसर ८० वर जाईल, आणि पळविलेला १०० वर. शंभराच्या आसपास पोहोंचतांच प्रोसेसर स्वसंरक्षणासाठीं आपला वेग आपणच उतरवितो, आणि तरीही ताप न उतरल्यास संगणक बंद पडतो. म्हणजे ज्या वेगासाठीं खटाटोप केला, तोच ऐन वेळीं हातांतून निसटतो.

या हिशेबांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पौषांतील पळविलेला प्रोसेसर आणि वैशाखांतील साधा प्रोसेसर, दोघेही ८० अंशांवरच उभे आहेत. ओव्हरक्लॉकिंग करणारा जी शिल्लक खर्च करतो, ती कारखानदारानें विसरून ठेवलेली नाहीं. ती आपल्या वैशाखासाठींच राखून ठेवलेली आहे. थंड देशांतील हौशी माणसाला ती बारमाही मोकळी मिळते; आपणांस मात्र ऋतूच ती वसूल करून घेतो.

तर मग जुना प्रोसेसर घेऊंच नये काय? तसें मुळींच नाहीं. घेणें ही एक गोष्ट, आणि पळविणें ही दुसरी. ज्या घरीं २०११-१२ सालचा कोअर आय-३ २१२० असलेला संगणक आहे, त्यांनीं पाहावें कीं, त्याचाही मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झच आहे. परंतु त्यांत गाभे दोन आणि आय-५ २५०० मध्यें चार. एकही ठोका न वाढवितां, अनेक गाभ्यांत वांटतां येणाऱ्या कामाला मोठी गति येते. एका बैलाला पराणी टोंचीत बसण्यापेक्षां आणखी एक जोडी जुंपावी, हा शेतकऱ्याचा शहाणपणा झाला. अकोला जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसरांना एकत्र राबवूनच. इंटेलनेंही २००४ सालीं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला आणि पुढें अनेक गाभ्यांची वाट धरली. कारण उष्णतेची भिंत तिलाही आडवी आली होती.

खरेदीपूर्वीं मात्र मदरबोर्ड पाहावा. त्या काळच्या घरगुती संगणकांत एच-६१ जातीचा बोर्ड पुष्कळ आढळतो. त्यावर गुणक वाढवितां येत नाहीं, म्हणून तेथें ‘के’ अक्षरासाठीं अधिक दाम मोजणें व्यर्थ. एएमडी कंपनीचे बहुतेक रायझेन प्रोसेसर २०१७ पासून गुणक मोकळा ठेवूनच येतात. परंतु ए-३२० बोर्डावर त्यांचाही उपयोग होत नाहीं. कोणता बोर्ड कोणता प्रोसेसर स्वीकारतो, याची यादी बोर्डाचा कारखानदार प्रसिद्ध करतो; ती पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

बैल घेतांना आपण दांत मोजतों, मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा अन्यत्र जुना प्रोसेसर घेतांनाही तसेंच करावें. रायझेनच्या एएम-४ जातींत टांचण्यांसारख्या बारीक पिना प्रोसेसराच्याच पोटाला असतात. एकही वांकलेली नसावी. इंटेलच्या उपरोक्त प्रोसेसरांत त्या पिना बोर्डावर असतात, म्हणून तेथें बोर्डाची खांच भिंगानें पाहावी. नंतर सीपीयू-झेडसारख्या साधनानें नांव पडताळून, प्राइम-९५ सारखें कठीण काम त्याला निदान एक तास द्यावें, आणि तेंही भर दुपारीं. प्रोसेसरांत झिजणारा हलता भाग नसल्यानें तो सहसा बिघडत नाहीं. पण वर्षानुवर्षें अधिक दाबावर राबविलेला असल्यास त्याचे आंतील अतिसूक्ष्म तारमार्ग क्षीण होतात. ठरलेल्या वेगावरच जो अडखळतो, तो परत करावा.

घरीं आणल्यावर थर्मल पेस्ट नवी लावावी, आणि पंख्याच्या पात्यांतील धूळ काढावी. जिनिंगच्या हंगामांत आमच्याकडे रुईचे तंतु हवेंत तरंगतात. ते पंख्याखालीं नमद्यासारखे बसतात आणि सारा हिशेब बिघडवितात. पाण्याच्या कूलरची गार हवा संगणकाला हितकर आहे, परंतु त्याचे तुषार नव्हेत.

आणखी दोन गोष्टी पालकांनीं ध्यानांत ठेवाव्यात. संगणक मंद असण्याचें कारण पुष्कळदां प्रोसेसर नसून जुनी फिरती हार्डडिस्क असते. तेथें एसएसडी बसविणें हाच पहिला खर्च असावा. दुसरें असें कीं, विंडोज १० ची नियमित सुरक्षा-मदत ऑक्टोबर २०२५ मध्यें संपली, आणि विंडोज ११ इतके जुने प्रोसेसर अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स चालवितां येतें. पण मुलाच्या अभ्यासाला विंडोजच आवश्यक असेल, तर तो पैसा नव्या बोर्डासाठीं सांठविणें बरें.

आणि एवढें करूनही तरुणाची हौस उरलीच, तर ती मोडूं नये. व्होल्टेजला हात न लावतां गुणक एकेक अंकानें चढवावा, प्रत्येक पायरीवर तपमान पाहावें, आणि होळी पेटली कीं गुणक पुन्हां मूळ अंकावर आणावा. पावसाळा लागल्यावर तो हवा तर पुन्हां चढवावा. यंत्र कोठेंही बनलेलें असो, त्याला राबावयाचें आहे तें आपल्या घरांत आणि आपल्या ऋतूंत; म्हणून त्याचा वेग ठरवितांना कारखान्याच्या आंकड्याइतकाच घरच्या पंचांगाचाही विचार करावा, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.