सणाच्या दिवशी परक्या गावी

दिवाळीच्या दिवसांत परगावी राहण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला घर म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी रजा न मिळालेला मुलगा, परीक्षेपायी वसतिगृहात अडकलेली मुलगी, सीमेवरचा जवान, ह्या साऱ्यांच्या वाट्याला तो दिवस येतो. पण ही झाली नाइलाजाची गोष्ट. सलग दोन वर्षे सणाला घरी जायचेच नाही, असे व्रत आपण होऊन घेणारी तरुण मुले जगात हजारोंनी आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसेल. ही मुले मॉर्मन पंथाची, आणि त्यांचा सण म्हणजे नाताळ.

हा पंथ अमेरिकेतला. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला. पुढे छळाला कंटाळून त्याचे अनुयायी ब्रिघम यंग यांच्यामागोमाग पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ साली यूटाच्या खोऱ्यात सॉल्ट लेक सिटी हे शहर वसवून राहिले. ह्या पंथातला मुलगा वयात आला की दोन वर्षे धर्मप्रचाराला बाहेर पडतो. पूर्वी ह्यासाठी एकोणीस वर्षे पुरी व्हावी लागत. २०१२ सालापासून अठरा पुरतात. मुलीही जातात, पण त्यांच्यावर तसे बंधन नाही, आणि त्यांची मुदत दीड वर्षाची. कोणी कुठे जायचे हे वरिष्ठ ठरवतात. पगार नाही, खर्च मुलाने साठवलेल्या पैशांतून किंवा घरच्यांनी करायचा. एकट्याने हिंडायचे नाही, नेहमी जोडीने. असे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक आज जगभर फिरत असतात.

ह्या मुलांना घरी फोन करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच असे: एकदा मातृदिनाला आणि एकदा नाताळाला. एरवी आठवड्याला एक पत्र. फेब्रुवारी २०१९ पासून हा नियम सैल झाला आणि दर आठवड्याला बोलण्याची मोकळीक मिळाली. परंतु २०१६ च्या डिसेंबरात, आम्ही मुलाकडे शिकागोला गेलो होतो तेव्हा, जुनाच नियम चालू होता.

बाहेर गुडघाभर बर्फ. मुलगा-सून कामावर गेलेली. दुपारी दारावरची घंटा वाजली म्हणून उघडले, तो पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी पट्टी लावलेले दोन तरुण उभे. पट्टीवर आडनावाआधी ‘एल्डर’ असे लिहिलेले. एल्डर म्हणजे वडीलधारा. ज्यांना अजून धड मिसरूड फुटलेले नाही, त्यांना वडीलधारे म्हणायचे ही गंमत मला आवरेना, आणि थंडीने लाल झालेली त्यांची नाके पाहून दाराबाहेर उभे ठेवणेही जमेना. आमच्या ‘ह्यां’नी आधीच सांगून टाकले, “बाबांनो, आम्ही आमच्या धर्मात सुखी आहोत. पण आत या, बसा.”

मी चहा टाकायला उठले तर दोघेही अवघडले. त्यांच्या पंथात चहा नाही, कॉफी नाही, मद्य नाही, तंबाखू नाही. मद्य-तंबाखूचे समजू शकते, पण चहा नाही म्हटल्यावर आपल्याकडच्या गृहिणीने पाहुणचार करायचा कसा? शेवटी गरम दूध दिले, आणि बरोबर बेसनाचे लाडू. लाडवांना त्यांच्या धर्माची हरकत नव्हती.

एक मुलगा यूटाचा होता. दुसरा थेट पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरचा. टोंगात ह्या पंथाचे लोक पुष्कळ आहेत. तिकडे डिसेंबरात उन्हाळा. त्याने जन्मात बर्फ पाहिले नव्हते, आणि नाताळ म्हणजे उकाडा, समुद्र व घरभर माणसे एवढेच त्याला ठाऊक. पंचवीस तारखेला आईशी बोलायला मिळणार म्हणून तो दिवस मोजीत होता. “पण तिकडे तेव्हा सव्वीस तारीख उजाडलेली असेल,” तो हसत म्हणाला, “माझा नाताळ सुरू असताना आईचा संपलेला असतो.” एवढे बोलून तो लाडवाकडे बघत बसला. धर्माची पुस्तिका त्याच्या हातात होती. ती उघडायचे त्याला भान राहिले नाही. त्या घडीला आमच्यासमोर धर्मप्रचारक नव्हता. कुणा माउलीचे लेकरू होते.

हा पंथ आपल्या मुंबई-पुण्यालाही एकदा येऊन गेला आहे. १८५१ साली ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश प्रचारक मुंबईला उतरले. पुण्यालाही त्यांनी काम केले. त्यांचे ऐकणारे बहुतेक इंग्रज पलटणीतले. पण लष्करी अधिकाऱ्यांना हा नवा पंथ पसंत नव्हता आणि छावणीत त्यांना मज्जाव झाला. १८५५ साली फिंडले परत गेले. मागे फारसे काही उरले नाही.

त्यांच्याही आधी अमेरिकेतून आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मात्र मुळे धरून राहिलेल्या मिशनचे आद्य पुरुष. ते वेगळ्या पंथाचे. १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. गव्हर्नर नेपियन यांच्याकडे अर्ज-विनंत्या करून ते कसेबसे राहिले. गंमत अशी की, ज्या न्यू इंग्लंडमधून ते आले तिथल्या कडव्या ख्रिस्ती परंपरेला नाताळाचे वावडे होते! मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होई, आणि तिथे त्या दिवसाची सरकारी सुटी सुरू झाली ती १८५६ साली. म्हणजे आपण ज्याला पोर्तुगीजांकडून घेतलेल्या शब्दाने नाताळ म्हणतो, तो दिवस हॉलसाहेबांच्या गावी सणच नव्हता. पण घराची ओढ पंचांगातल्या तारखेवर थोडीच अवलंबून असते? १८२५ साली त्यांनी पत्नीला व मुलांना अमेरिकेच्या जहाजावर बसवून दिले. एक मुलगा वाटेतच वारला. पुढल्याच वर्षी हॉल स्वतः नाशिककडच्या एका खेड्यात पटकीने गेले. जवळ घरचे कुणी नव्हते.

ह्या गोष्टी मी पुस्तकांतून वाचल्या. पण परदेशी मिशनरी बाई मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या वऱ्हाडात. माझे माहेर मेडशीचे. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूरचा घाट ओलांडला की मेडशी लागते. पुढे मालेगाव, मग वाशीम. आज हा भाग वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत तो अकोला जिल्ह्यात होता.

वाशीमला नाझरीन चर्च ह्या अमेरिकन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. ते १९३८ साली सुरू झाले. ते उभारणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या अमेरिकन बाई १९३६ साली भारतात आल्या आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी इथे काढली. पंचक्रोशीत ‘मिशनचा दवाखाना’ म्हटले की पुरे.

पण ह्या दवाखान्याचे नाव निघाले की गावात दोन तट पडत. आमचा वऱ्हाड १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी नागपूरचे निवृत्त सरन्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल आला. ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी तिची शिफारस होती. अहवाल मेडशीत कोणी वाचला नसेल, पण त्यातला संशय घरोघरी होता.

१९६१ च्या डिसेंबरात माझी आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी दहा वर्षांची. दोन रात्री कळा देऊनही सुटका होईना. सुईणीने हात टेकले. दादांनी वाशीमचे नाव काढताच आजी दारात आडवी झाली. “तिथं नेली त पोरगी बाटीन नं बापा!” दादा एवढेच म्हणाले, “माय, बाटली तरी जिती राहीन.” अकोल्याला कापूस टाकून हिंगोलीकडे रिकामा परतणारा एक ट्रक सुदैवाने मिळाला. आत्याला त्यात निजवले. आजी न बोलता वर चढली, आणि तिचा पदर धरून मीही.

पहाटे आत्याला मुलगा झाला. दोघेही वाचली.

आम्ही तिथे नऊ दिवस होतो. रोज सकाळी प्रार्थना होई, येशूची गोष्ट सांगितली जाई. ऐकायचे त्याने ऐकावे. आजी तेवढा वेळ डोळे मिटून विठ्ठलाचे नाव घेई. चोविसाच्या रात्री व्हरांड्यात चांदणीचा आकाशकंदील लागला, आणि मराठी परिचारिका पेटी-ढोलकीवर येशूजन्माची गाणी म्हणत वॉर्डातून फिरल्या. मला ती दिवाळीच वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गोरी नर्सबाई पायरीवर बसून घरून आलेले पत्र वाचीत होती. आजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, “तुले माय हाय का वं?” बाई पुस्तकी मराठीत म्हणाली, “आहे. आता ती झोपलेली असेल. आमच्याकडे रात्र आहे.” आजीने कपाळाला हात लावला. “एवढ्या दूर लेकीले धाडाले तिचं काळीज कसं झालं वं!” मग पिशवीतून शेंगदाण्याचे दोन लाडू काढून तिने तिच्या हातावर ठेवले.

आजी काही बदलली नाही. मेडशीला परतल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय तिने चुलीपाशी पाऊल टाकले नाही, आणि मिशनविषयीचे तिचे मतही फिरले नाही. पण पुढच्या दिवाळीपासून वाशीमला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी फराळाचा एक डबा दवाखान्यात जाऊ लागला. ती नर्सबाई मायदेशी जाईपर्यंत त्यात खंड पडला नाही. “धर्म तिचा तिच्यापाशी, माहा माह्यापाशी. पण सणाच्या दिवशी लेकरू उपाशी राहू नये,” असे आजी म्हणे.

परक्याचा धर्म पटला नाही तर तो नाकारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो स्पष्टपणे बजावावा. कोणी आपले दुखणे किंवा गरज पाहून धर्माचा सौदा करू लागला, तर त्याला दारातूनच परत लावावे. पण नकार धर्माला असतो, माणसाला नव्हे, हे आजीला कुठलाही अहवाल न वाचता कळत होते.

आज आपल्या शहरांतल्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या किती तरी परिचारिका काम करतात. नाताळाच्या रात्री त्यांच्यातल्या अनेकींची पाळी असते. आपल्या इमारतीत एखादी खोली घेऊन ईशान्येकडची मुले-मुली राहतात. त्यांतली बरीच ख्रिस्ती. ह्या दिवाळीत चकलीचे भाजणीचे पीठ थोडे जास्त दळून आणा आणि डबाभर बाजूला ठेवा. डिसेंबरच्या चोवीस तारखेला पुन्हा एक घाणा काढायला वेळ लागत नाही.