प्रवणता म्हणजे उंची नव्हे

निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीत झालं. ८५ किलोमीटरचा हा कालवा राहाता तालुक्यालाही पाणी देतो. कॉलेजात अनेकांना छळणारी प्रवणता, म्हणजेच ग्रेडियंट, या कालव्याच्या काठावर चटकन उमगते.

गैरसमज: जागा जितकी उंच, तितकी प्रवणता जास्त.
वस्तुस्थिती: अंतरागणिक उंची किती बदलते, ते प्रवणता सांगते. पठार कितीही उंचावर असलं तरी सपाट असेल तर प्रवणता शून्य. समजा, कालव्याला किलोमीटरला २० सेंटीमीटर उतार दिला. म्हणजे पाच हजारात एक. ८५ किलोमीटरमध्ये पाणी उतरतं अवघं १७ मीटर.

गैरसमज: कालवा सर्वांत तीव्र उताराने काढतात.
वस्तुस्थिती: प्रवणतेला आकड्याबरोबर दिशाही असते. ती सर्वाधिक चढाकडे असते. मोकळं सोडलेलं पाणी नेमकं उलट धावतं. समान उंचीची रेषा मात्र प्रवणतेला काटकोनात जाते. कालवा जवळपास याच रेषेने, टेकड्यांच्या कडेने वळसे घेत आणतात. सरळ उतारावरून काढला तर पाणी काठ खरवडेल आणि उंची लवकर संपून वरची शेतं कोरडी राहतील.

गैरसमज: प्रवणता शून्य झाली म्हणजे शिखर आलं.
वस्तुस्थिती: खोलगट भागाच्या तळाशीही ती शून्यच असते आणि दोन डोंगरांमधल्या खिंडीच्या माथ्यावरही.

गैरसमज: प्रवणता फक्त जमिनीला असते.
वस्तुस्थिती: जागेगणिक बदलणाऱ्या कोणत्याही राशीला ती असते. तापमानातल्या फरकाने उष्णता वाहते, दाबातल्या फरकाने वारा सुटतो. पेरूच्या बागेतल्या विहिरीवर मोटर चालू केली की विहिरीतली पातळी खाली जाते, भोवतालच्या भूजलाला तिच्याकडे उतार मिळतो आणि पाझर वाढतो.

गैरसमज: उतार सारखा, तर पाणीही सारखंच येणार.
वस्तुस्थिती: फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने वाळूतून पाणी सोडून १८५६ मध्ये नियम मांडला: प्रवाह प्रवणतेच्या प्रमाणात असतो, पण थर किती पाझरतो यावरही अवलंबून असतो. म्हणूनच एकाच शिवारातल्या, सारख्याच उपसलेल्या दोन विहिरींपैकी वाळू-मुरमातली लवकर भरते आणि चिकणमातीतली वाट पाहायला लावते.