अराजक : शब्द कुठून आला?

‘अराजक’ म्हणजे जिथे राजा नाही ते. रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर राजाविना राज्याची दैना वर्णिली आहे. शब्दाला भीती चिकटली ती अशी. महाभारताच्या शांतिपर्वात मात्र दोन्ही बाजू आहेत. मोठा मासा लहान माशाला गिळतो तो मात्स्यन्याय आहे आणि त्याही आधीचा, राजा व दंडाशिवाय धर्मानेच एकमेकांना सांभाळणारा समाजही आहे. ही दुसरी बाजू आपण फार लवकर विसरलो.

इंग्रजीतला ‘अनार्की’ ग्रीकमधून आला. ‘अन्’ म्हणजे विना, ‘आर्खोस’ म्हणजे शासक. १८४० मध्ये फ्रान्सच्या प्रूधाँ यांनी स्वतःला अभिमानाने अराजकवादी म्हटले. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसला गांधीजी म्हणाले, मीही अराजकवादीच, पण वेगळ्या प्रकारचा. विनोबांनी पुढे ‘शासनमुक्त समाज’ हा शब्द वापरला.

एकमेकांच्या संमतीने स्वतःचा कारभार चालवणारा समाज आजही दिसतो. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला लागूनच गडचिरोली जिल्हा आहे. तिथल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याने सरकार नाकारलेले नाही. गावाचा कारभार मात्र त्याने स्वतःच्या हाती ठेवला आहे.