तुलना कोणाशी करावी?

दिवाळीत वहीपूजन करताना यंदाची उलाढाल गतवर्षीच्या उलाढालीशी ताडून पाहण्याची रीत व्यापारी घराण्यांत जुनी आहे. परंतु आपल्याच मागील आकड्यांशी केलेली तुलना बहुधा समाधान देते; इतरांच्या आपण किती मागे आहोत, हे ती सांगत नाही. ते सांगणाऱ्या पद्धतीला व्यवस्थापनशास्त्रात ‘बेंचमार्किंग’ म्हणतात. एखादे काम सर्वांत उत्तम कोण करतो हे शोधणे आणि त्याच्या कार्यपद्धतीशी आपली कार्यपद्धती ताडून पाहणे, हा तिचा गाभा होय.

या पद्धतीचे नाव अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीशी जोडलेले आहे. १९५९ साली आलेल्या तिच्या ‘९१४’ या यंत्राने कार्यालयांचे रूप पालटले. पुढे वीस वर्षांत मात्र जपानी कंपन्या, झेरॉक्सला जो नुसता उत्पादनखर्च येई, तेवढ्या किमतीत यंत्रे विकू लागल्या. तेव्हा १९७९ मध्ये झेरॉक्सने प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे सुटी करून भाग न् भाग तपासला आणि जपानमधील आपल्या भागीदार कंपनीकडून तेथील कार्यरीती समजून घेतल्या.

याहून बोधप्रद आहे तो गोदामाचा धडा. सुट्या भागांच्या गोदामातून माल काढण्यास झेरॉक्सला फार वेळ लागे. त्यासाठी कंपनीने गुरू निवडला तो एल. एल. बीन, म्हणजे टपालाने कपडे व भटकंतीचे साहित्य विकणारी पेढी! व्यवसाय निराळा, पण काम तेच : लहानमोठ्या, हलक्याजड वस्तू हाताने वेचून पाठवणे. तेथे जास्त खपाचा माल वेचणाऱ्याच्या वाटेजवळ ठेवला जाई आणि त्याची पायपीट कमीत कमी व्हावी अशा रीतीने मागण्यांची वर्गवारी होई. झेरॉक्सने यातील उपयुक्त ते उचलले. १९८९ साली तिच्या एका विभागास अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

आकडा फक्त उणीव दाखवतो. तो का घडला हे कार्यपद्धतीच सांगते. म्हणून आरंभ एकाच कामापासून करावा. मागणी आल्यापासून माल रवाना होईपर्यंत किती वेळ जातो, उधारी किती दिवसांत वसूल होते, हे आधी प्रामाणिकपणे मोजावे. मग त्या कामात जो निष्णात असेल, त्याच्याकडे उघडपणे जावे. जे विचारायचे, ते स्वतःचेही सांगण्याची तयारी ठेवावी. नक्कल न करता आपल्या पेढीस मानवेल तेवढेच घ्यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजावे. दुसऱ्याचे श्रेष्ठत्व मान्य करण्यात कमीपणा नाही. ते वेळीच न दिसण्यात मात्र तोटा आहे.