अडकलेलं बटण

गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की काय होतं? खालून कुणीतरी ओरडतं, "अहो, मोटार बंद करा!" मग कुणीतरी धावत जाऊन बटण दाबतं. पण दोस्तांनो, बटणच अडकून बसलं तर?

आपल्या पेशींतही अशी बटणं असतात, बरं का! त्यांना म्हणतात कायनेज. ही एक प्रकारची प्रथिनं. एटीपी नावाच्या रेणूकडून फॉस्फेटचा तुकडा घ्यायचा आणि दुसऱ्या प्रथिनाला टिकलीसारखा चिकटवायचा, एवढंच यांचं काम. टिकली लागली की ते प्रथिन कामाला लागतं, किंवा कधी कधी काम थांबवतं. 'आता वाढ', 'आता दोन हो' असे निरोप पेशीत याच टिकल्यांनी पोचतात. टिकली काढणारी प्रथिनं वेगळी. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी हा प्रकार १९५०च्या दशकात शोधून काढला, नोबेल मात्र १९९२ साली मिळालं! माणसाच्या शरीरात असे ५००हून जास्त कायनेज आहेत.

आता एका बिघडलेल्या कायनेजची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० साली रक्ताच्या एका कर्करोगाच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र फारच बुटकं दिसलं. या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. बुटक्याला नाव पडलं 'फिलाडेल्फिया गुणसूत्र'. पण त्याचा तुटलेला तुकडा गेला कुठे?

ते कोडं शिकागोच्या जॅनेट राउली यांनी सोडवलं. मुलं लहान म्हणून या बाईंनी कित्येक वर्षं अर्धवेळच काम केलं. गुणसूत्रांचे फोटो घरी आणायच्या, जेवणाच्या टेबलावर कात्रीनं कापून जोड्या लावायच्या. आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवायची! त्याच टेबलावर त्यांच्या लक्षात आलं, की २२ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा ९ नंबरला चिकटलाय आणि ९चा तुकडा २२ला. चक्क अदलाबदल! हे १९७३ साली छापून आलं.

या अदलाबदलीत दोन जनुकांची चुकीची जोडी जमते आणि तिच्यातून एक विचित्र कायनेज तयार होतो. त्याचं नाव बीसीआर-एबीएल. नेहमीचा एबीएल गरजेपुरता चालतो, हा मात्र बंदच होत नाही. टिकल्या लावतच सुटतो.

मग बटण बंद कसं करायचं? कायनेजमध्ये एटीपीला बसायला एक खाच असते. संगीत खुर्ची खेळता ना तुम्ही? एटीपीच्या आधी औषधानं ती खुर्ची पटकावायची, अशी युक्ती. ऐकायला सोपी, पण ५००हून जास्त कायनेजांच्या खुर्च्या जवळपास सारख्याच! नेमकी हवी तीच कशी पकडणार? पुष्कळ जणांना हे अशक्य वाटायचं. स्वित्झर्लंडमधल्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र असा रेणू घडवला, आणि अमेरिकेतल्या ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर त्याच्या मागेच लागले. आजार दुर्मीळ, गिऱ्हाईक थोडं, म्हणून कंपनी चालढकल करत होती. अखेर १९९८ साली रुग्णांवर चाचणी सुरू झाली. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त नेहमीसारखं झालं! बातमी पसरली, गोळ्या पुरेनात. जास्त गोळ्या बनवा म्हणून रुग्णांनी कंपनीला हजारो सह्यांचा अर्ज पाठवला. मे २००१मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. नाव इमॅटिनिब, बाजारातलं नाव ग्लिव्हेक. पूर्वी या आजारात निम्म्याहून जास्त रुग्ण काही वर्षांतच दगावत. पुढे एका मोठ्या चाचणीत इमॅटिनिब घेणाऱ्या १०० जणांतले ८३ जण दहा वर्षांनंतरही हयात होते.

पण किंमत! (आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी.) २०१३च्या सुमारास भारतात कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. कंपनीला, म्हणजे आताच्या नोव्हार्टिसला, इथे पेटंट हवं होतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी निकाल लागला: हे जुन्याच औषधाचं नवं स्फटिकरूप आहे, त्यानं जास्त गुण येतो हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून पेटंट नाही. स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला.

कर्करोगही काही कमी लबाड नाही हं! काही रुग्णांत कायनेज आपली खुर्चीच थोडी बदलतो. ३१५व्या जागेवरची एकच वीट बदलली, की इमॅटिनिबला बसताच येत नाही. २००६ साली आलेलं डासॅटिनिबही तिथे हरतं. २०२१ साली अमेरिकेत परवानगी मिळालेलं ॲसिमिनिब मात्र खुर्चीच्या भांडणात पडतच नाही. ते कायनेजच्या दुसऱ्याच एका कप्प्यात जाऊन बसतं, आणि तिथूनच बटण बंद करतं.