यंत्रांचे दप्तर कोण जपणार?

१९१० या एकाच साली महाराष्ट्रात दोन संस्थांचा पाया घातला गेला. पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. पहिल्या संस्थेने जुनी दप्तरे जपण्याची शिस्त आपणांस लावली. दुसरीने यंत्रे घडविण्याचा आत्मविश्वास दिला. परंतु यंत्रालाही दप्तर असते आणि तेही जपावे लागते, हे मात्र आपण शिकलो नाही.

लहान कारखान्यांतून व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अर्धशतकापूर्वीचे लेथ अद्यापही आढळतात. ओतीव लोखंडाचा त्यांचा सांगाडा सहसा दगा देत नाही. अडते ते माहितीपुस्तिकेवाचून. समजा, लेथचा लीड स्क्रू इंचाला आठ आट्यांचा आहे आणि दोन मिलिमीटर अंतराचे आटे पाडावयाचे आहेत. त्यासाठी ८० आणि १२७ दातांच्या चक्रांची जोडी लागते; कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. आपण १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली, पण इंचावर बेतलेली यंत्रे तशीच राहिली. अशा वेळी चक्रांचा तक्ता, वंगणाची ठिकाणे, बेअरिंग आवळण्याची रीत सांगणारी चार पाने हाताशी नसली, तर अनुभवी टर्नर निवृत्त होताच धडधाकट यंत्र भंगारात जाते.

ही पाने मागावयाची कोणाकडे? हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने एका पिढीला लेथ पुरविले. तो कारखाना बंद पडला. एकेकाळी जगभर यंत्रे धाडणारी कॉव्हेंट्रीची आल्फ्रेड हर्बर्ट कंपनीही १९८० च्या दशकात लयास गेली. इंग्लंड-अमेरिकेत हौशी मंडळींनी अशा पुस्तिका गोळा करून त्यांच्या प्रती सर्वांस उपलब्ध केल्या आहेत. देशी बनावटीच्या यंत्रांसाठी ते काम परक्यांनी करावे, अशी अपेक्षा कशी धरावी?

वास्तविक उपाय खर्चिक नाही. शोधाचा आरंभ यंत्रापासूनच करावा. निर्मात्याची पाटी, नमुना आणि बेडवर बहुधा टेलस्टॉकच्या टोकाला ठोकलेला अनुक्रमांक आधी टिपून घ्यावा. कारण एकाच नावाच्या यंत्रांतही वर्षागणिक फरक पडत असे. जडवस्तू नोंदवहीत यंत्राची नोंद असतेच. तिच्यासमोर पुस्तिका कोणत्या कपाटात आहे हेही लिहिले जावे. यंत्र मोडीत काढताना पुस्तिका रद्दीत न घालता ग्रंथालयाकडे सोपवावी. प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तिच्या प्रती करून घेतल्या, तर दुसऱ्या गावच्या कारखान्याची अडचण टळेल.

मोडी कागदांसाठी राजवाडे गावोगाव हिंडले. आपणांस तेवढी पायपीट करावयाची नाही. आपल्याच कपाटातील धुळीने माखलेली एक पुस्तिका रद्दीवाल्याच्या तराजूतून वाचवावयाची आहे.